स्वतः छापलेली रहस्यकादंबरी ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत कशी पोहोचणार?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मराठीत आता कोणी रहस्यकथा लिहीत नाही, हे विधान लेखांतून आणि व्याख्यानांतून इतक्या वेळा कानावर पडते की त्याची शहानिशा करावी असेही कोणाला वाटेनासे झाले आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत वाचल्या गेल्या, भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये त्यांच्यावर चालली आणि पुढे दूरदर्शन व मोबाइल आल्यावर हा ओघ आटला, अशी ती हकीकत सांगितली जाते. ओघ आटलेला नाही. रहस्यकादंबऱ्या लिहिल्या जात आहेत आणि छापल्याही जात आहेत. परंतु त्यांपैकी अनेक लेखकांनी पदरमोड करून काढलेल्या असल्यामुळे त्या विक्रेत्यांच्या याद्यांत नसतात, परीक्षणांच्या सदरांत नसतात आणि ग्रंथालयांच्या कपाटांत तर नसतातच. मी ठाण्यात नौपाडा भागात राहते, एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते आणि अशीच एक कादंबरी मी स्वतः प्रकाशित केली आहे. त्या अनुभवावरून ग्रंथालयांपुढे, आणि काही अंशी आपल्यासारख्या वृत्तपत्रांपुढेही, एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, तरी शक्यतो पूर्ण छापावे ही विनंती.

प्रकाशकांविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. मी ज्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवले, त्यांपैकी काहींनी उत्तर दिले नाही आणि ज्यांनी दिले त्यांनी सौजन्याने दिले. ललित पुस्तकाची आवृत्तीच आता मोजक्या प्रतींची निघते, पुढच्या वर्षाची पुस्तके आधीच ठरलेली असतात, आणि अनोळखी लेखिकेच्या रहस्यकादंबरीत पैसे अडकवण्याचे धाडस करवत नाही, हे त्यांचे म्हणणे हिशेब समजणाऱ्या कोणालाही पटेल असेच आहे. मला खटकते ती पुढची समजूत. लेखिकेने स्वतः पुस्तक काढले म्हणजे ते कोणीतरी नाकारले असणार, आणि ज्या अर्थी नाकारले त्या अर्थी ते टाकाऊच असणार, असे पान न उलटता ठरवले जाते. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांचे अंक त्या तरुण कवी-लेखकांनी स्वतःच सायक्लोस्टाइल करून, हातोहात वाटून वाचकांपर्यंत नेले होते आणि आज विद्यापीठांत त्यांचा अभ्यास होतो. स्वतः छापलेले सगळेच मोलाचे असते असा माझा दावा नाही. पुष्कळसे कच्चे असते, घाईने काढलेले असते. पण कच्चे कोणते आणि पक्के कोणते हे वाचल्यावर ठरावे, प्रकाशकाच्या नावाच्या जागी लेखिकेचे नाव दिसल्याबरोबर ठरू नये, एवढेच म्हणणे आहे.

रहस्यकादंबरी म्हणजे दोन खून आणि एक पाठलाग, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांच्यासाठी या कामाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. माझ्या कादंबरीत ठाण्याच्या खाडीत एक मृतदेह सापडतो. तो पाण्यात कोठून आला असेल, हा सगळ्या तपासाचा पाया असल्यामुळे मला भरती-ओहोटी नीट समजून घ्यावी लागली. चेंदणी कोळीवाड्यातील एका वयस्कर गृहस्थांनी मला जे गणित शिकवले ते किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला सुमारे सहा वाजता पाणी भरणार आणि त्यानंतर सहा तासांच्या आसपास ते पूर्ण ओसरणार. मात्र हे गणित समुद्रकाठचे आहे. खाडीत आत यावे तसे पाणी थोडे उशिरा चढते आणि चिखलाच्या उथळ भागात जे अडकते ते पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही, हेही त्यांनीच बजावले. पंचांग हातात घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीवरच्या पुलावर उभे राहिल्याशिवाय तो प्रसंग मला लिहिता आला नसता. पाणी कोणत्या बाजूला ओढ घेते, तिवरांच्या मुळांत काय काय अडकून राहते, हे घरात बसून सुचत नाही.

दुसरा प्रश्न हद्दीचा होता. या खाडीच्या आसपास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अशा तीन पोलीस आयुक्तालयांच्या हद्दी येतात. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की आयुक्तालय बदलते, कळवा ठाण्याच्या हद्दीत येते, आणि घटना रुळांवर घडली असेल तर लोहमार्ग पोलीस पुढे येतात. गुन्हा कोणाचा, यावरून पहिले काही तास कसे जाऊ शकतात आणि तेवढ्यात कोणता पुरावा पाण्याबरोबर निघून जातो, हा माझ्या कथानकाचा गाभा आहे. तो लिहून होत असतानाच १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येण्याची, म्हणजे शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल होण्याची तरतूद आता कायद्यातच आली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असेही ठरले. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना मुदत देण्यात आली आहे. एकट्या अधिकाऱ्याने चिखलात वाकून सुगावा शोधण्याचा जो प्रसंग मी जीव ओतून लिहिला होता, तो या तरतुदींच्या कसोटीवर पुन्हा घासून पाहावा लागला. मी शेवटी कथेतला खून ३० जूनच्या रात्री घडवला आणि माहिती १ जुलैच्या सकाळी नोंदवली गेल्याचे दाखवले. त्यामुळे गुन्हा जुन्या दंडसंहितेखाली येतो आणि तपास नव्या संहितेप्रमाणे चालतो, आणि आरोपीचा वकील नेमक्या याच सांध्यावर बोट ठेवतो. हे सगळे मी विस्ताराने सांगत आहे ते यासाठी की, असा तपशील तपासून देणारा कोणीही स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाच्या पाठीशी नसतो. ओळखीच्या एका वकील बाईंनी न्यायालयाची दोन प्रकरणे वाचून दिली. बाकी सारे स्वतःच पडताळायचे, कारण चूक राहिली तर वाचक लेखिकेलाच धरतो, आणि त्याने तसे धरावेच.

लिहून झाल्यावर छपाईचे काम सुरू होते आणि तेथे नवा लेखक अनेकदा नाडला जातो. ‘हस्तलिखित द्या, बाकी आमच्यावर सोपवा’ असे सांगून एकरकमी पॅकेज घेणाऱ्या संस्था आज पुष्कळ आहेत. त्यांतील काही चोख काम करतात. परंतु करारात ज्या गोष्टी बारीक अक्षरांत असतात त्या नवोदितांनी डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात, असे मी कळकळीने सांगेन. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कोणाच्या नावे घेतला जाणार? छपाईयोग्य फाइल आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल लेखकाला मिळणार की नाही? पुढची आवृत्ती काढण्याचा हक्क कोणाकडे राहणार? माझ्या परिचयातील एका लेखकाला दुसरी आवृत्ती काढताना स्वतःच्याच पुस्तकाची अक्षरजुळणी पुन्हा पैसे देऊन करून घ्यावी लागली, कारण पहिली फाइल त्याची नव्हतीच. आयएसबीएन हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक-प्रकाशक स्वतःच्या नावे त्यासाठी अर्ज करू शकतो. ही साधी माहिती नसल्यामुळे अनेक जण त्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

मी पॅकेज घेतले नाही. मुद्रितशोधन एका अनुभवी बाईंकडून करून घेतले, मुखपृष्ठ एका तरुण चित्रकाराकडून, आणि अक्षरजुळणी डोंबिवलीच्या एका छोट्या कार्यालयात. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर त्यांच्या जुन्या फॉण्टमध्ये उतरवताना रफार सरकले, ‘ऱ्य’चा भलताच आकार झाला, आणि ‘खाडीपुऱ्यातल्या’सारख्या शब्दावर त्या बाईंची लाल खूण पानापानावर दिसू लागली. ते सगळे दुरुस्त होईपर्यंत आम्ही छपाईला हात लावला नाही. लेखकाने काढलेल्या पुस्तकाला शुद्धलेखनाच्या चुकांवरून सर्वात आधी हिणवले जाते आणि ती टीका बहुतेकदा रास्त असते, म्हणून या खर्चात काटकसर करायची नाही हे माझे ठरलेले होते.

आता पैशांविषयी, कारण माझे दिवसाचे कामच ते आहे. डेमी आकाराच्या दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकाचे सोळा पानी पंधरा फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडायचे कागद, होतात. त्याची किंमत ३०० रुपये ठेवली आणि वितरकाला चाळीस टक्के दिले, तर हाती १८० रुपये उरतात. आवृत्ती लहान असल्यामुळे प्रतीमागे छपाईचा खर्च चढा पडतो. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, ही वाचकासाठी चांगली गोष्ट आहे. परंतु कागदावर आणि छपाईच्या कामावर भरलेला कर त्यामुळे कोठे वळता करून घेता येत नाही, तो लेखकाच्याच खर्चात जाऊन बसतो. त्यातून मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि भेटप्रती वजा केल्यावर जे शिल्लक राहते त्याला उत्पन्न म्हणणे धाडसाचे होईल. शिवाय वितरकाकडून पैसे प्रती विकल्या गेल्यावर, आणि तेही सावकाश येतात. म्हणून माझ्यासारखे बहुतेक जण थेट वाचकाला टपालाने पुस्तक पाठवतात.

तेथेही अलीकडे फरक पडला आहे. छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची जी सवलतीची बुक पोस्ट सेवा होती, ती १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली असून तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून पाच किलोपर्यंत १०० रुपये असे आहेत. हे दर लहान प्रकाशकाला निश्चितच परवडणारे आहेत. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी असल्याचे सांगितले गेले आहे. कथा-कादंबरी त्यात निःसंदिग्धपणे येते, असा स्पष्ट उल्लेख नियमातच झाला तर प्रत्येक खिडकीवर वेगळा अर्थ लावला जाण्याची शक्यता राहणार नाही. आपल्या जिल्ह्यातील खासदारांनी हा विषय मांडावा, असे मी त्यांना या पत्राद्वारे सुचवू इच्छिते.

पीडीएफच्या चोरीविषयी थोडक्यात सांगते. कादंबरी बाहेर पडल्यावर काही आठवड्यांतच तिची स्कॅन केलेली प्रत व्हॉट्सॲपच्या वाचकगटांत फिरू लागली, आणि ती पाठवणारे लोक पुस्तकावर प्रेम करणारेच होते. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ६३ नुसार हा सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येईल असा, असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. वाचकांवर फिर्याद करण्याची माझी इच्छा नाही. पण गटातील एका बाईंनी मला लिहिले की, ‘ताई, पुस्तक विकत कोठे मिळते तेच कळेना, म्हणून पीडीएफ वाचली,’ आणि ग्रंथालयात शोधल्यावरही ते मिळाले नव्हते, हेही त्यांनी कळवले. मला त्यांच्या या दुसऱ्या वाक्याने अधिक वाईट वाटले.

माझ्या पत्राचा मुख्य विषय हाच आहे. ठाण्याला ग्रंथालयांची परंपरा सांगण्याची गरज नाही. मराठी ग्रंथांच्याच संग्रहासाठी वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली ज्या शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, त्या शहराची मी रहिवासी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने राज्यभर अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांचे जाळे मान्य केले, त्यांना अनुदान मिळते आणि अनुदानाचा ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च होतो. मात्र ही खरेदी प्रत्यक्षात कशी होते? अनुदानाचा हप्ता हाती आला की मुदतीच्या आत ती उरकावी लागते. साहजिकच विक्रेता एकगठ्ठा यादी देतो, ठरलेली सूट देतो, एकच बिल देतो, आणि ग्रंथपालाचे काम सोपे होते. अपुऱ्या मनुष्यबळात आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालांना मी याचा दोष देत नाही. परंतु एकच पुस्तक असलेल्या लेखकाकडे यादी नसते, त्याला खाते नसते, त्याचे बिल एका ओळीचे असते. त्यामुळे ग्रंथनिवड समितीपुढे त्याचे पुस्तक येतच नाही. ते नाकारले गेले असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

या संदर्भात एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. १९५४च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार भारतात पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने नेमलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. मी स्वतःच प्रकाशक असल्याने हे कर्तव्य मला लागू होते आणि मी ते पार पाडले. म्हणजे ठाण्याच्या खाडीवर, कळव्याच्या चाळींवर आणि ऐरोलीच्या खारफुटीवर लिहिलेली कादंबरी कोलकात्याला पोहोचली, आणि कळव्याशेजारच्या विटाव्याच्या वाचकाला ती त्याच्या ग्रंथालयात मिळत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. ठाणे जिल्ह्यातील ग्रंथालयांनी वर्षातून एकदा, शक्यतो खरेदीच्या हंगामाच्या दोन महिने आधी, लेखक-प्रकाशकांकडून प्रत्येकी एक प्रत पाहणीसाठी मागवावी. जागा एका टेबलाची पुरे. समितीने पुस्तकाची निदान पहिली पन्नास पाने वाचावीत. रहस्यकादंबरी असेल तर तेवढ्यात ती धरते की नाही हे कळते. पुस्तकात मुद्रणदोष बोकाळलेले असतील तर ते तेथेच बाजूला ठेवावे. जे पसंत पडेल ते विक्रेत्याला मिळते त्याच दराने आणि त्याच सुटीने घ्यावे. राखीव कोटा नको, सहानुभूती म्हणून खरेदी तर मुळीच नको. जे पसंत पडणार नाही त्याच्या लेखकाला दोन ओळींत कारण कळवावे. अशी पाहणी एका मोठ्या ग्रंथालयाने घेतली आणि निवडलेल्या पुस्तकांची यादी तालुक्याच्या लहान ग्रंथालयांना पाठवली, तर प्रत्येकाला स्वतंत्र खटाटोप करावा लागणार नाही. वृत्तपत्रांकडून अपेक्षा याहून सोपी आहे. आपल्या ‘साभार पोच’ सदरात लेखकाने काढलेल्या पुस्तकाचीही नोंद व्हावी, त्यावर परीक्षण आले नाही तरी चालेल. नाव, पृष्ठसंख्या, किंमत आणि संपर्क इतके छापून आले तरी वाचक शोधत येतो, हा अनुभव मला एका लहान साप्ताहिकाच्या नोंदीवरून आला आहे.

त्या नोंदीमुळेच मला लोहमार्ग पोलिसांतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचा दूरध्वनी आला. कादंबरी त्यांनी, त्यांच्या सुनेने आणि शेजारच्या दोन घरांनी वाचली होती. त्यांनी पंचनाम्याच्या प्रसंगातील एक तपशील मला समजावून दिला. रात्री रुळांजवळ पंच मिळवणे किती कठीण असते आणि शेवटी स्टेशनबाहेरचा चहावालाच कसा पंच म्हणून उभा राहतो, हे त्यांनी ज्या बारकाईने सांगितले ते मी शब्दशः टिपून घेतले आहे. दुसऱ्या कादंबरीची पहिली चार प्रकरणे त्या बोलण्यावर उभी आहेत. खुनी कोण याचा ताकास तूर लागू न देता वाचकाला शेवटच्या पानापर्यंत आणायचे, आणि वाटेत त्याला त्याचेच शहर नव्याने दाखवायचे, यासाठी मी लिहिते. नोकरी सुटेल, नाव होईल, चित्रपटवाले दारात येतील, अशी माझी अपेक्षा नाही. माझी कादंबरी एखाद्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढावी, तिच्यावर दाखल क्रमांक पडावा, आणि मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक उमटत जावेत, ही मात्र माझी मनापासूनची इच्छा आहे. पुस्तक किती विकले गेले यापेक्षा ते किती जणांनी घरी नेले हे मला त्या शिक्क्यांवरून अधिक खरे कळेल, आणि ज्या वाचकाला ३०० रुपये देणे जड जाते त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग माझ्याकडे नाही.

जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयाने येत्या दिवाळीपूर्वी अशी पाहणी ठेवली, तर त्या टेबलाची मांडणी, नोंदी आणि पत्रव्यवहार यांचे काम मी आणि माझ्यासारखे आणखी काही लेखक रजा काढून करण्यास तयार आहोत. समितीवर मात्र आमच्यापैकी कोणीही नसावे.

आपली विश्वासू,
एक रहस्यकादंबरीकार
नौपाडा, ठाणे